सुभेदारांची जपानी सुरळी

दिवाळी अंकासाठी लिहा, असं सांगायला संपादक स्वतः दुकानात आले. टेबलाशी उभे राहून म्हणाले, "बाई, एकट्या स्त्रीनं एवढं दुकान कसं चालवलं, काय काय सोसलं, ते येऊ द्या. वाचकांच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे."

मी म्हटलं, डोळ्यांत पाणी आणायचं असेल तर मागच्या खोलीत सरस शिजतोय, तिथे जरा उभे राहा. सोसल्याचं मी लिहिणार नाही. कामाचं लिहीन. चालत असेल तर सांगा.

ते चालेल म्हणाले. तेव्हा आधी काम काय ते.

दुकान सांगलीच्या पेठेत आहे. सासऱ्यांनी काढलं, यजमानांनी वाढवलं, ते गेल्यापासून मी चालवते. माहेर वाईचं. सकाळी चहाच्या आधी दिवसाच्या कामांची यादी करायची, ही तिथली सवय. ती मी सांगलीत आणली आणि दुकानातल्या सगळ्यांना तिचा त्रास दिला. आमच्या धंद्यात दोन प्रकारची कामं असतात. एक काचेचं, एक कापडाचं. काचेचं म्हणजे देवांचे फोटो, लग्नातले फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो. कापडाचं म्हणजे शाळांचे नकाशे. कागदाचा नकाशा मांजरपाटावर खळीनं चिकटवायचा, वर-खाली लाकडी दांडे बसवायचे, वर कडी ठोकायची. म्हणजे मास्तरांना तो भिंतीवर टांगता येतो आणि तास संपला की गुंडाळून कपाटात उभा करता येतो. खळ मैद्याची. तिच्यात मोरचूद घालतात, नाहीतर कसर सहा महिन्यांत अख्खा युरोप खाऊन टाकते.

यजमान गेले आणि काचेचं काम कमी झालं. कारण सरळ होतं. विधवेच्या हातून मढवलेली लक्ष्मी काही घरांना नको होती. एक बाई तोंडावर म्हणाल्या, "फोटो ठेवून जाते, पण बापूंकडून करून घ्या हं. तुम्ही हात लावू नका." बापू म्हणजे आमचे जुने कारागीर, आष्ट्याचे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. मी बाईंना सांगितलं, "बापू काच कापतात. मागचे खिळे मी ठोकते. लक्ष्मीला चालतं, तुम्हाला चालत नसेल तर पलीकडच्या गल्लीत दुसरं दुकान आहे." त्या पलीकडच्या गल्लीत गेल्या. अशा बऱ्याच गेल्या.

बापू म्हणाले, "वैनी, जरा गोड बोलावं."

"बापू, गोड बोलायचं तर हलवायाचं दुकान काढलं असतं."

मी कापडाचं काम वाढवलं. भारताचा नकाशा कोणाच्या हातून मढवला गेला, हे शाळा विचारत नाहीत. जिल्हाभर फिरून कामं आणली. आणि या नकाशांमुळेच माझ्या टेबलावर चिनी-जपानी सुरळ्या आल्या.

सुरळी हा आमच्या दुकानातला शब्द. उभा लांब कागद किंवा रेशीम, त्यावर ब्रशनं लिहिलेली मोठी काळी अक्षरं, कडेनं भरजरी कापडाची पट्टी, वर बारीक काठी, खाली जाड गोल दांडा. तो दांडा वजनानं सुरळीला ताठ ठेवतो. बघणाऱ्याला वाटतं, नकाशाच आहे. पण नकाशासारखा पाठीला मांजरपाट लावला तर सुरळी गुंडाळताना मोडते. तिला पाठीवरही पातळ कागदच लागतो, दोन-तीन थर, आणि खळ इतकी पातळ की दूध वाटावं. हे मला कोणी शिकवलं नाही. एका फाटक्या सुरळीचे थर सुटे करत करत कळलं. त्यांच्याकडे म्हणे एकच सुरळी बारमाही टांगत नाहीत. ऋतू पालटला की ती उतरवून दुसरी लावतात. आपल्याकडे भिंतीवर एकदा लागलेली वस्तू रंगारी आल्याशिवाय खाली येत नाही.

सातारा-सांगलीकडे या वस्तू येतात कुठून, असं शहरातले लोक मला विचारतात. आमच्याकडे घराआड एक माणूस पलटणीत असतो, हे त्यांना माहीत नसतं. कोणी ब्रह्मदेशातून आणल्या, कोणी सिंगापुरातून, कोणी लढाई संपल्यावर जपानात मुक्काम पडला तिथून. त्या ट्रंकेच्या तळाशी पडून राहिल्या. बहात्तरचा दुष्काळ सरला, हळूहळू नवे बंगले उठायला लागले, सोफे आले, दिवाणखाने आले, आणि सोफ्याच्या वरची भिंत रिकामी दिसायला लागली. मग ट्रंका उघडल्या. ज्यांच्या घरात पलटण नव्हती त्यांनी मुंबईहून विकत आणल्या. बांबूच्या काड्यांवर छापलेल्या त्या सुरळ्याही मी दुरुस्त करते, पण मनापासून नाही.

गिऱ्हाइकांचे नमुने खूप. आष्ट्याच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुंदर सुरळी बाहेरच्या बाकासमोर लावली. महिन्याभरात ती परत घेऊन आले. म्हणाले, "बाई, ही घरी लावतो. पेशंट बाहेर बसून ही वाचायचा प्रयत्न करतात आणि आत येऊन रडतात, 'डॉक्टर, एक अक्षर लागंना, गेले माझे डोळे.'"

तासगावचे एक बेदाण्याचे व्यापारी भिंतीपेक्षा लांब सुरळी घेऊन आले. "खालनं हातभर कमी करा. तसंही कोण वाचतंय?"

मी म्हटलं, "तुमचा सातबारा आणा. त्याचाही खालचा भाग कापून देते. तसंही कोण वाचतंय?"

ते रागानं गेले. नंतर कळलं, त्यांनी ती जिन्यात टांगली, दोन मजल्यांना पुरेल अशी. बरं केलं.

एका सुरळीचं मात्र अजून वाईट वाटतं. मिरजेच्या एका घरात कोणीतरी हौसेनं ती प्लायवुडवर चिकटवली आणि वरून वॉर्निश मारलं. माझ्याकडे आली तेव्हा ती मोहरीच्या तेलात तळल्यासारखी पिवळी झाली होती. मी हात जोडले. जे जातं ते जातं.

अशा अनुभवांनंतर मी दुकानात पाटी लावली. सुरळी कापून मिळणार नाही. अक्षरांचा अर्थ सांगितला जाणार नाही, कारण तो आम्हाला येत नाही. आणि तिसरं, वस्तू जो आणील त्याचंच ऐकलं जाईल. हा तिसरा नियम फोटोंमुळे आला. वडिलांच्या फोटोला कोणती चौकट लावायची यावरून दोघे भाऊ माझ्या दुकानात भांडायचे, आणि मध्ये काच फुटायची माझी.

हा तिसरा नियम मी एकदा मोडला. त्याचीच ही गोष्ट.

श्रावणात एक तरुण ओव्हरसिअर आले. दिनकरराव म्हणू. पाटबंधाऱ्यात नोकरी, विश्रामबागेकडे नवं घर, दसऱ्याच्या सुमाराला वास्तुशांत. वर्तमानपत्रात गुंडाळलेली सुरळी त्यांनी टेबलावर सोडली. कागद चहासारखा झाला होता, कडेचं रेशीम सुटलं होतं, पाठीला कसरीनं भोकं पाडली होती. पण अक्षरं! तीनच होती. वरचं भरगच्च काळं, मधलं जरा हलकं, आणि शेवटचं जवळपास कोरड्या ब्रशनं ओढलेलं, केसांच्या रेघा दिसाव्यात असं. लिहिणाऱ्यानं मध्ये ब्रश पुन्हा शाईत बुडवला नव्हता. डाव्या बाजूला खाली लाल चौकोनी शिक्का, त्याखाली दुसरा लहान शिक्का. आणि त्याच्याखाली, ओळीनं, थेट खालच्या रेशमाच्या पट्टीवर उतरलेले, कुंकवाचे ठिपके.

"हे घालवायचं," दिनकरराव म्हणाले. "जात नसेल तर खालचा भाग कापा आणि वरचा काचेत बसवा. आमचे साहेब येणार आहेत वास्तूला. जपानची वस्तू आहे म्हणून सांगायचं आणि खाली हा जोगतिणीच्या परडीसारखा प्रकार!"

मी पाटीकडे बोट केलं.

"वाचली. तिसरा नियमही वाचला. वस्तू मी आणलीय."

बोलणं रास्त होतं. मी त्यांना अडचण समजावून सांगितली. सुरळीचा जुना पाठकागद काढायचा तर ती भिजवावी लागते. शाई पक्की असते, शिक्क्यांचा लाल रंगही पक्का असतो. कुंकू पक्कं नसतं. पाणी लागलं की ते धावणार आणि अक्षरांवर चढणार. म्हणून कुंकू एक तर आधी काढायला हवं, नाहीतर आधी कागदाला पक्कं धरवून घ्यायला हवं.

"मग काढा ना. मी तेच म्हणतोय."

मी सुरळी उजेडात नेली. देवाला कुंकू वाहतात तेव्हा ते बोटानं टेकवतात किंवा चिमटीनं टाकतात. कसंही पडतं. हे तसं नव्हतं. प्रत्येक ठिपका अंगठ्याचा होता, दाबून दिलेला, रेघा उमटलेला. आणि प्रत्येक आधीच्या ठिपक्याच्या बरोबर खाली, मोजून जागा ठेवल्यासारखा. हे लावणाऱ्याला आपण काय करतोय ते माहीत होतं.

"अंगठा कोणाचा?" मी विचारलं.

"वडिलांचा. सुभेदार होते. वारले."

"घरी आणखी कोण?"

"आई असते गावाकडे. वडूजच्या पलीकडे."

"त्यांना विचारलंत?"

ते ओशाळले, मग चिडले. "आईला काय कळतंय यातलं? आणि तुम्हाला काय करायचंय? तुम्ही फ्रेमवाल्या."

"फ्रेमवालीच आहे. म्हणून सांगते. कापलेलं परत जोडता येत नाही, धुतलेलं परत आणता येत नाही. आईंना विचारा, मग मी हात लावते. घाई असेल तर घेऊन जा. कोल्हापुरात धुऊन देणारे मिळतील. पण कुंकू अक्षरांत उतरलं की माझ्याकडे आणू नका."

बापू मागून खोकले. गिऱ्हाईक जातंय, असा त्या खोकल्याचा अर्थ. दिनकररावांनी सुरळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि सुरळी तिथेच टाकून छत्री उघडत निघून गेले.

मला हे एवढं का लागलं? दुसऱ्याच्या घरची वस्तू, दुसऱ्याचं कुंकू. पण एखाद्याच्या हाताचा ठसा घाण समजून पुसायचा, ही गोष्ट मला मानवत नाही. माझ्या हाताचं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

पुढच्या आठवड्यात दारात एक बाई उभ्या राहिल्या. उंच, काटक, साठीच्या पलीकडच्या, कपाळ मोकळं, पदर घट्ट. मागे दिनकरराव, मान खाली. सुभेदारीणबाईंनी पायरीवरूनच विचारलं, "कुठाय माझी सुरळी?"

मी टेबलावर पसरून दाखवली. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग लेकाकडे वळल्या.

"ट्रंकेतनं काढलीस आन् मला वाटलं उंदरानं न्हेली. दोन दीस घर हुडकतीया मी."

"आई, नीट करून भिंतीला लावायची होती. तुझ्याच भल्यासाठी."

"माझं भलं ह्ये कुकू खरवडून व्हतंय व्हय रं?"

"मावशी, बसा," मी खुर्ची पुढे केली. "हे अंगठे का दिलेत, एवढं सांगा. मला पुढचं काम करायचंय."

त्या बसल्या. आणि सांगितलं ते असं. लढाई संपल्यावर सुभेदारांची पलटण जपानात राहायला गेली. सुभेदार तेव्हा नाईक होते.

"समदं जळाल्यालं, पडल्यालं. तितं एक म्हातारा हुता. त्याच्या घराचं छप्पर ह्यांनी आन् ह्यांच्या पलटनीतल्या पोरांनी शाकारून दिलं. म्हाताऱ्यानं भितीवरनं ही काढली. भाषा कुनाला येतीया? त्यानं ह्यो वरचा शिक्का दावला आन् हवेत लिवल्यागत हात फिरवला. म्हंजी ज्यानं लिवलं त्याचा. मग ह्यो धाकटा दावला आन् सोताच्या छातीवर हात ठिवला. म्हंजी माझा. मग खालची मोकळी जागा दावली आन् ह्यांच्या छातीला बोट टेकलं." त्यांनी स्वतःचं बोट हवेत टेकवलं. "आता आमच्याकडं शिक्का कुठला आलाय? अंगठा हाय. घरी आल्याव पैल्या खंडेनवमीला दिला."

खंडेनवमी म्हणजे दसऱ्याचा आदला दिवस. त्या दिवशी शस्त्रांची, हत्यारांची पूजा होते. फौजी घरात तलवार, मेडल, बूट, ट्रंक, सगळं मांडतात.

"मग बाकीचे?" मी विचारलं.

"बासष्टला चीनबरूबर लढाई झाली. आमच्या शेजारच्या वाडीचं पोरगं गेलं. लोक घरी आलं. सुभेदार, ही चिनी अक्षरं जाळा. ह्ये म्हनलं, जपानची हाय. लोक म्हनलं, दिसत्यात तर तशीच. हुज्जत कुठवर घालायची? म्होरल्या साली खंडेनवमीला ह्यांनी अंगनात समद्यांम्होरं ही टांगली आन् अंगठा दिला. म्हनलं, काल माझी हुती, आजबी माझीच हाय. मग दर साली त्येच. मरंस्तवर."

दिनकरराव इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते एकदम बोलले, आणि ऑफिसातली भाषा सोडून बोलले.

"आन् दुसऱ्या दिवशी दसरा कुनाचा व्हायचा, ते सांग की. आपट्याची पानं घिऊन मी दारोदार फिरायचो. सोनं घ्या, सोनं. पोरं दार लावून घ्यायची. 'चिन्याचं सोनं नगं.' दर साली, आई. आन् दर साली आबा आदल्या दिवशी अंगठा द्यायचेच."

 बापूंनी काच कापायची थांबवली.

"मला ठाव हाय ते," सुभेदारीणबाई म्हणाल्या. "त्यास्नीबी ठाव हुतं."

"मग थांबले का न्हाईत?"

"थांबलं असतं तर त्या पोरांचं खरं झालं असतं."

 मला दिनकररावांची बाजू कळत होती. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हातातली पानं तशीच परत आणावी लागतात, ते दुःख खोटं नव्हतं. सुभेदार बरोबर होते म्हणून मुलगा चूक होता, असं मी म्हणणार नाही. पण काम टेबलावर पडलेलं होतं आणि मला कोणाचं तरी ऐकायचं होतं.

"दिनकरराव," मी म्हटलं, "वस्तू आणलीत तुम्ही. पण ती तुमची नाही. आईंची आहे. मी आईंचं ऐकणार. पाटीवर काय लिहिलंय ते मला दाखवू नका, मीच लिहिलंय."

ते रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "करा आई म्हणेल तसं. पण माझ्या दिवाणखान्यात नको."

"तुझ्या दिवानखान्यात कुनाला लावायचीया?" सुभेदारीणबाई उठल्या. "तितं तुझ्या सायबाचा फोटू लाव."

पुढचं काम माझं. शाळांच्या हातानं रंगवलेल्या नकाशांचेही रंग कच्चे असत, तेव्हा त्यांच्यावर मी तुरटी आणि पातळ सरसाचं पाणी फिरवत असे, म्हणजे रंग कागदाला धरून राहतात. तेच इथे केलं, पण ब्रश न फिरवता. फिरवला तर कुंकू ओढलं जातं. बारीक ब्रशाच्या टोकानं एकेका ठिपक्यावर थेंब सोडायचा, वाळू द्यायचा, पुन्हा सोडायचा. दुकानात तेवढे दिवस पंखा बंद. बापू घाम पुसत म्हणायचे, "वैनी, सुभेदार जित्तेपणी जेवढं तापले नसतील तेवढं ह्येनी आमाला तापवलं."

मग पाठ भिजवली. मी श्वास धरून बसले होते, खोटं कशाला सांगू. सगळ्यांत जुन्या, म्हणजे पहिल्या अंगठ्याची कड थोडी सुटली, केसाएवढी. बाकीचे हलले नाहीत. जुना कागद चिमट्यानं सोलला, नवा पातळ हातकागद चढवला, भोकं बुजवली, फळीवर ताणून सुकवलं. रेशमाची पट्टी जुनीच ठेवली, कारण शेवटचे अंगठे तिच्यावरही उतरले होते. नवं रेशीम लावलं असतं तर दिसायला छान झालं असतं. छान करायला कोणी सांगितलं नव्हतं.

तयार सुरळी न्यायला सुभेदारीणबाई आल्या त्या नेमक्या खंडेनवमीला. दिवस त्यांनीच ठरवला होता. त्या दिवशी आमच्याकडेही पूजा असते. टेबलावर काच कापायची हिऱ्याची लेखणी, हातोड्या, पकडी, ब्रश, सरसाचं भांडं, सगळं धुऊन मांडलेलं, झेंडूची फुलं, हळद-कुंकवाचा करंडा. पूजा बापू करतात. दिनकरराव आईला स्टँडवरून घेऊन आले होते आणि दाराबाहेर स्कूटरपाशी उभे होते.

मी सुरळी भिंतीच्या कडीला लावली आणि सोडली. खालच्या दांड्याच्या वजनानं ती सरळ उतरली. सुभेदारीणबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, हात मागे बांधून, पलटणीत उभे राहतात तशा.

"ब्येस झालं," त्या म्हणाल्या. मग शेवटच्या अंगठ्याखालच्या जागेवर नजर ठेवून म्हणाल्या, "आता कुकू द्या."

बापू करंड्यापाशी होते. त्यांचा हात थांबला. "आवं बाई… म्या लावू का तुमच्या वतीनं?"

"तुमची हाय व्हय सुरळी?"

दिनकरराव पायरी चढून आत आले. हळू आवाजात म्हणाले, "आई, तू कुकू लावायचं न्हाईस. दसऱ्याचा सण, बाजार भरलाय. लोक बघत्यात."

"बगू देत की. त्यांनी काय कोनाड्यात लपून दिला व्हता?"

"अगं, पन तू…"

"कपाळाला लावतीया का मी? कपाळ माझं न्हाई ऱ्हायलं म्हणत्यात, ऱ्हाऊ दे. कागूद तर माझा हाय. ते गेल्यापासनं खंडेनवम्या कोऱ्या चालल्यात. कोरी जागा बघितली की कुनीबी येतंय आन् कात्री मागतंय."

बापू अजून तसेच उभे होते. मग मीच करंडा उचलला. दुकानात तेव्हा तीन-चार गिऱ्हाइकं होती, लक्ष्मीचे फोटो न्यायला आलेली. त्यांच्या देखत मी वाटीत कुंकू काढलं, पाण्याऐवजी पातळ डिंकात कालवलं, म्हणजे पुढे कोणी कितीही भिजवली तरी हा ठिपका हलू नये, आणि वाटी पुढे धरली. एक बाई "अगंबाई" म्हणून मागे सरकली. सरकू दे.

सुभेदारीणबाईंनी अंगठा बुडवला, वाटीच्या काठाला निथळला, आणि नवऱ्याच्या शेवटच्या अंगठ्याखाली दाबला. घाई केली नाही. उचलला तेव्हा रेघा स्पष्ट उमटल्या होत्या. सुभेदारांच्या अंगठ्यापेक्षा लहान, पण गडद.

दिनकरराव जवळ येऊन ठशाकडे बघत होते. त्यांचा उजवा हात नकळत वर आला होता, ठशांच्या ओळीच्या दिशेनं.

आईनं तो हातावरच चापट मारून खाली केला. "तुझा अंगठा मी मेल्याव. तवर हात लावू नगंस."

दिनकरराव हसले. इतक्या दिवसांत त्यांना मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाले, "चल, एस.टी. चुकंल."

"चुकू दे," मी म्हटलं. "डिंक ओला आहे. वाळल्याशिवाय सुरळी गुंडाळता येणार नाही. वारा लागला पाहिजे."

भिंतीवर वारा नव्हता. मी ती कडीवरून उतरवली, दाराच्या वरच्या खिळ्याला लावली आणि अक्षरं रस्त्याकडे करून सोडली. दसऱ्याची पेठ होती. माणसं थांबत होती, वर बघत होती, खाली ओल्या लाल ठशाकडे बघत होती. सुभेदारीणबाईंनी खुर्ची उचलली, तिच्या शेजारी दारातच मांडली, आणि अंगठ्याचं कुंकू न पुसता बसून राहिल्या.